बत्तीस नॉच

भुसावळात एखाद्याच्या वडिलांची चौकशी करताना ‘काय करतात’ असं कुणी विचारत नाही, ‘कशात आहेत’ असं विचारतात. उत्तरंही ठरलेली. लोकोत, कॅरेजमध्ये, सिग्नलला, नाहीतर फॅक्टरीत. फॅक्टरी म्हणजे ऑर्डनन्स. औष्णिक केंद्रात असतील तर नुसतं ‘दीपनगर’ म्हटलं की भागतं. मी सॉफ्टवेअरमध्ये लागलो ही बातमी गल्लीत पसरली, तेव्हा शेजारच्या नानांनी दोन घास गिळेपर्यंत विचार केला आणि विचारलं, “ते कोन्या डिव्हिजनले येतं भो?”

नाना म्हणजे निवृत्त मेल ड्रायव्हर. रेल्वेनं मध्येच कधीतरी ड्रायव्हरांना ‘लोको पायलट’ म्हणायला सुरुवात केली, पण नानांनी ते नाव घराच्या पाटीवर येऊ दिलं नाही. हा नमुना भुसावळात दर दोन गल्ल्यांआड सापडतो. खूण सोपी आहे. घरात एक लोखंडी लाइन बॉक्स असतो. त्यात आता डब्याऐवजी जमिनीची कागदपत्रं असतात. दुपारी डोळा लागलेला असतो, लांबून हॉर्न ऐकू येतो, आणि डोळे न उघडता तोंडातून निघतं, “बारा मिनटं लेट.” पूर्वी रात्री-अपरात्री दारावर कॉल बॉय यायचा, ड्यूटीचा निरोप द्यायचा. तो बंद होऊन जमाना झाला, तरी पहाटे तीनला दारावर मांजर घासलं तरी हा माणूस पायात चपला घालून उभा.

स्कूटरवर मागं बसलं तर आणखी एक खूण कळते. ड्रायव्हर आणि असिस्टंट यांनी प्रत्येक सिग्नल मोठ्यानं हाक मारून एकमेकांना सांगायचा असतो. नाना यावल रोडवरही सांगतात. समोर म्हैस आडवी आली की, “डेंजर!” भाजीवाल्याची गाडी कडेला असली की, “डबल यलो!” मागं बसलेल्यानं तेच शब्द परत उच्चारायचे, नाहीतर नाना ब्रेक दाबून वळून बघतात.

पण नानांचं खरं वेड नॉचचं.

ते समजायला जुन्या एसी इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं. डब्ल्यूएजी-५ म्हणा, डब्ल्यूएपी-४ म्हणा, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरला बत्तीस टॅप असतात. ड्रायव्हरनं हँडल अधिकच्या खुणेकडे ढकललं की टॅप-चेंजर एक पायरी वर चढतो, मोटारींना थोडं जास्त व्होल्टेज मिळतं. शून्य ते बत्तीस. एकोणीस आहे, वीस आहे, साडेएकोणीस नाही. अठ्ठावन्न डब्यांची कोळशाची गाडी जागेवरून हलवायची, तर एक नॉच द्यायचा, ॲमीटरचा काटा वर उडालेला खाली यायची वाट बघायची, मग दुसरा. घाई केली तर चाकं जागीच फिरतात, नाहीतर कपलिंग तुटतं. हे सांगताना नानांचा उजवा हात हवेत हँडल ढकलत असतो आणि समोरच्याचा चहा सांडतो.

हा टॅप बदलणारा जो भाग, त्याला ड्रायव्हर लोक जीआर म्हणतात. तो कधीकधी दोन नॉचांच्या मध्ये अडकतो. मग असिस्टंटनं मागं जाऊन हातानं फिरवून तो शून्यावर आणायचा. नाना म्हणतात, “मंत्रालयातला जीआर अन् माझ्या इंजिनातला जीआर, दोन्ही मधेच अडकतात. माझा निदान हातानं फिरवता येत होता.” इंजिनाच्या मुख्य ब्रेकरला डीजे म्हणतात, हे मला नानांमुळेच कळलं. फ्रेंच शब्दाचं ते लघुरूप. तारेत वीज नसलेला तुकडा, म्हणजे न्यूट्रल सेक्शन, आला की तो बंद करायचा असतो. गल्लीत वरात आली, काचा थरथरायला लागल्या आणि कुणी ओरडलं की “डीजे बंद करा”, की नाना ओट्यावरून विचारतात, “न्यूट्रल सेक्शन आला का?”

एवढा काळ बत्तीस पायऱ्यांवर काढलेल्या माणसाला मग जगात सगळीकडे पायऱ्याच दिसतात. नानांच्या लेखी मिरचीला नॉच असतात (शेवभाजी बावीस, पाहुणे पुण्याचे असतील तर चौदा). उन्हाला असतात. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की नाना कूलरचं बटण एक घर पुढं सरकवतात आणि ॲमीटर पाहिल्यासारखे थोडा वेळ कूलरकडे बघत राहतात. माणसांचेही त्यांनी तीन प्रकार पाडलेत. काही वाफेच्या इंजिनासारखे असतात. रेग्युलेटर जितका ओढाल तितकी वाफ, मध्ये कुठं अडत नाही, पण तापायला पहाटेपासून लागतं. काही टॅप-चेंजरसारखे. वाढतात ते धक्क्यानं, आणि प्रत्येक धक्क्याला घरचे हलतात. तिसरे थ्री-फेज. त्यांच्याबद्दल नाना फार बोलत नाहीत. डब्ल्यूएजी-९ हे थ्री-फेजचं इंजिन नव्वदच्या दशकात एबीबी कंपनीकडून आलं, मग चित्तरंजनला बनू लागलं. त्याच्या हँडलला नॉच नाहीत. जितकं ढकलाल तितका जोर, लोण्यातून सुरी जावी तसा. नानांनी शेवटची काही वर्षं तेही चालवलं. “इंजिन चांगलं आहे,” ते म्हणतात, आणि विहीण बरी आहे म्हणावी तसा तो आवाज असतो.

या सगळ्यात नानींचा एकही नॉच नाही. नानी भरीत करतात ते अंदाजानं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, कुठवर भाजायची ते वासावरून ठरतं. मग बडगीत ठेचतात, मिरची मुठीनं पडते. नानांनी एकदा वहीत लिहून घ्यायचं ठरवलं. “वांगे किती?” “पुरतील इतके.” “मीठ?” “लागंल तेवढं.” वहीत अजून ती दोन उत्तरं आहेत, खाली नानांची सही आणि तारीख.

आता माझी गोष्ट. मागच्या मे महिन्यात मी घरून काम करायला भुसावळला आलो होतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी खालची टाकी भरून घ्यायची आणि मोटर लावून पाणी वर चढवायचं. वरची टाकी भरून वाहिली तर तो गल्लीत गुन्हा समजला जातो. आई म्हणाली, एवढा कॉम्प्युटरचा पगार घेतोस, तर ही मोटर आपोआप बंद होईल असं कर ना काहीतरी. मी टाकीच्या झाकणाला सेन्सर लावला, रिले बसवला, छोटासा प्रोग्राम लिहिला. पाण्याची उंची नव्वद सेंटिमीटर झाली की मोटर बंद. टेबलावर बसून चाचणी घेतली. ऐंशी टाइप केलं, मोटर चालू. नव्वद टाइप केलं, मोटर बंद. आईनं साखर वाटली.

त्या दुपारी मी कंपनीच्या कॉलवर होतो. बाहेरून नानींचा आवाज आला. तो आवाज बत्तीसाव्या नॉचचा होता. आमच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप नानांच्या गच्चीकडे तोंड करून आहे, आणि त्या गच्चीवर, खाटेवर, नानींचे ज्वारीचे बिबडे वाळत होते. पहाटे चारला उठून शिजवलेले, वर्षभराचे.

मी कॉल तसाच सोडून धावलो. मोटर चालूच. स्क्रीनवर पाहिलं तर सेन्सरचे आकडे ओळीनं होते. ८९.२, ८९.८, ९०.३, ९०.९. पाणी नव्वदमधून गेलं होतं, पण नव्वदवर थांबून सेन्सरला भेटलं नव्हतं. आणि मी प्रोग्रामला सांगितलं होतं की उंची ‘बरोबर नव्वद’ झाली की थांब. तो बिचारा बरोबर नव्वदची वाट बघत बसला होता. माझ्या चाचणीत नव्वद आलं, कारण मीच ते टाइप केलं होतं.

नाना भिजलेला बिबडा हातात धरून आले. पुरावा म्हणून आणला असावा. मी सगळं समजावून सांगितलं. नाना म्हणाले, “भो, पान्याले नॉच असतात का?”

“नाही.”

“मंग त्याले ‘बरोबर’ काहाले विचारतो? नॉचवाल्याले बरोबर विचारायचं. एकोणीसवर आहे का, तं हो किंवा नाही. पान्याले ‘पुढं गेलं का’ एवढंच विचारायचं असतं.”

मी नऊ वर्षं प्रोग्राम लिहितोय. दशांशातल्या आकड्यांची बरोबरी कधी तपासू नये, हे मी नव्या पोरांना शिकवतो. का, तेही सांगतो. ०.१ हा साधा आकडा, पण कॉम्प्युटरच्या दोनच अंकांत तो कधी पुरा बसत नाही. दहा वेळा ०.१ मिळवलं की एक येईलच असं नाही, शेपटीला काहीतरी कमीजास्त राहतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि बिबडे ओले झाले होते.

मी ‘बरोबर’ काढून ‘नव्वद किंवा जास्त’ केलं. दुसऱ्या वेळी पाणी पुन्हा वाहिलं, कारण बॅटरी वाचवायला मी या वेळी सेन्सरला पाच मिनिटांनी एकदा बघायला सांगितलं होतं. नानांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना खरोखर घाम फुटला. “पाच मिनटं? शंभरच्या स्पीडनं आठ किलोमीटरच्या वर गेलो असतो मी! तेवढ्यात किती सिग्नल येतात माहीत आहे?” मुद्दा खरा होता. पाणी दोन नजरांच्या मधल्या वेळातही चढत असतं, मग ते तुम्ही बघा, नाहीतर बघू नका. किती वेळानं बघायचं हे बॅटरीला विचारून ठरत नाही, पाणी किती वेगानं चढतं त्यावर ठरतं. मी दर दोन सेकंदांवर आणलं आणि सेन्सर घराच्या लाइटवर जोडला.

तिसऱ्या दिवशी वेगळंच झालं. टाकी भरत आली आणि रिले टकटक करायला लागला. मोटर बंद, चालू, बंद, चालू, जणू कुणी दारावर थापा मारतंय. पाणी जोरात पडताना लाटा उठतात. लाट वर आली की उंची नव्वदच्या पुढं, मोटर बंद. पाणी निवलं की नव्वदच्या खाली, मोटर चालू. मी खाली लॅपटॉपवर कारण शोधत होतो. नाना त्यांच्या गच्चीवर खाटेवर पडले होते, तिथूनच ओरडले, “हंटिंग करू ऱ्हायली! जळंल मोटर!” (जळंल म्हणजे नानांच्या तोंडी ‘जयंल’. आमच्याकडच्या गावबोलीत ळचा य होतो, केळी ‘केयी’ आणि शाळा ‘शाया’. नाना ड्यूटीवर शुद्ध बोलायचे म्हणे. निवृत्तीच्या दिवशी तो ळ त्यांनी रेल्वेकडे जमा केला.)

मग ते स्वतः आले, चष्मा लावून बोर्डाकडे पाहिलं आणि विचारलं, “चालू कितीवर, बंद कितीवर?”

“दोन्ही नव्वदवर.”

नानांनी चष्मा काढला. इंजिनात हवेची टाकी असते, ब्रेकसाठी. दाब आठ किलोवर आला की कॉम्प्रेसर सुरू होतो, साडेनऊवर पोचला की थांबतो. मधल्या दीड किलोत काय करायचं? “काहीच करायचं नाही. जे चाललंय ते चालू द्यायचं. भरत असंल तं भरू दे, रिकामी होत असंल तं होऊ दे. दोन खुणा ठेव भो. एका खुणेवर संसार होत नाही.”

मी चालू व्हायची खूण साठवर ठेवली, बंद व्हायची नव्वदवर. टकटक थांबली. आमच्या पुस्तकात याला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि ओटो श्मिट नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं १९३४ मध्ये त्याचं विजेचं सर्किट बनवलं, ते आजही त्याच्याच नावानं चालतं. नानांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “पोराले रनिंग स्टाफमध्ये घ्यायला पाहिजे होतं.”

नाना खूश होते, म्हणून संध्याकाळी ओट्यावर मी थोडा माझ्या धंद्याचा बचाव करून पाहिला. म्हटलं, नाना, तुमच्याकडे चूक झाली तर ती थोडी होते. पूल दहा टनाला टिकला आणि शंभर टनाला टिकला, तर पन्नासला टिकणार हे तुम्ही न तपासता सांगू शकता. आमच्याकडे तसं नाही. दहाला चाललं, शंभरला चाललं, आणि पन्नासला कोसळलं असं होऊ शकतं. एक खूण इकडची तिकडे झाली तर प्रोग्राम थोडासा चुकत नाही, तो भलतीकडेच जातो. डेव्हिड पार्नास नावाच्या शास्त्रज्ञानं १९८५ मध्ये हेच मांडलं होतं. अमेरिकेला तेव्हा क्षेपणास्त्रं अडवणारी मोठी यंत्रणा हवी होती. त्यानं सल्लागार समितीचा राजीनामा दिला आणि लिहून कळवलं की तिच्या सॉफ्टवेअरवर कधीच भरवसा ठेवता येणार नाही. ते सलग नाही, सगळ्या पायऱ्याच पायऱ्या, आणि त्या मोजण्यापलीकडे.

“राजीनामा दिला?” नानांना एवढंच महत्त्वाचं वाटलं. “पेन्शन?”

मग मी चूक केली. म्हटलं, नाना, तुमचं थ्री-फेजचं इंजिन सलग वाटतं ना, ते आतून सलग नाहीच. आत विजेचे स्विच आहेत, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. त्या तुकड्यांतून जोर जुळवतात. तुम्हाला नॉच जाणवत नाही, कारण नॉच फार बारीक झालेत.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. नानी आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि चहा ठेवून परत गेल्या. शेवटी नाना म्हणाले, “म्हणजे ते पन नॉचवालंच?” त्या आवाजात शेजाऱ्याच्या श्रीमंत जावयाचं कर्ज उघडकीला आल्याचं समाधान होतं.

“आणि तुझा झिरो-वन?” त्यांनी लगेच विचारलं. “त्याच्या आत काय आहे?”

त्याच्या आत व्होल्टेज असतं, सलग. जुन्या टीटीएल चिपमध्ये ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर शून्य मानायचं, २ व्होल्टच्या वर असेल तर एक. मध्ये असेल तर कुणी काही बोलायचं नाही. म्हणजे आमचा शून्यसुद्धा पुरता शून्य नसतो, तो फक्त खालच्या अंगाला असतो. हे ऐकून नाना इतके हसले की ठसका लागला. “दोन खुणा! अरे, तेच तं मी सांगितलं!”

त्यानंतर नानांचा माझ्या धंद्याबद्दलचा आदर वाढला. ते मला चाळीसगावजवळच्या पाटण्याला घेऊन जायचं म्हणायला लागले. तिथं भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. मठ त्यांच्या नातवानं काढला, चांगदेवानं. (मुक्ताईनगरकडचे चांगदेव वेगळे, हे नाना प्रत्येक वेळी बजावतात.) भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची ‘तात्कालिक गती’ सांगितली. कालची जागा आणि आजची जागा यांतलं अंतर मोजलं तर दिवसाची गती मिळते. पण ग्रह दिवसभर सारख्या वेगानं चालत नाही, म्हणून त्या क्षणाची गती वेगळी काढावी लागते. नानांच्या मते याचा अर्थ स्पीडोमीटरचा शोध जळगाव जिल्ह्यात लागला. भास्कराचार्य मूळचे नेमके कुठले यावर विद्वानांचा वाद आहे, असं मी म्हटलं. नाना म्हणाले, “हेडक्वार्टर कुठं पन असो, शेड पाटण्याले होतं.” त्यांनी शिलालेख स्वतः पाहिलाय. वाचता आला नाही, पण अक्षरं एकसारख्या अंतरावर आहेत, हे त्यांनी बोटांनी मोजून पाहिलंय.

नानींनी बिबडे पुन्हा घातले. या वेळी खाट आमच्या पाइपापासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. मोटर नीट चालते आहे, असं मी चारदा सांगितलं. त्या वर गेल्या, उलथन्यानं आमची टाकी बाहेरून वरून खालपर्यंत वाजवत आल्या, एका जागी आवाज बदलला तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, “इथपर्यंत आहे.” मी मोबाइलवर पाहिलं. सेन्सर ७१.४ म्हणत होता. टेप लावून मोजलं तर नानींचं बोट एकाहत्तरवर होतं. नाना म्हणाले, “चार दशांशानं लेट.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी परत निघालो. स्टेशनवर नाना सोडायला आले, कारण गाडीला कुठलं इंजिन लागलंय हे त्यांना बघायचं होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसला थ्री-फेजचं होतं. नानांनी ड्रायव्हरला हात केला. त्या तिशीतल्या पोरानं नाना कोण हे न ओळखता हात केला. बिबड्यांचा डबा त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला, वरून दोरी बांधलेला, आणि म्हणाले, “भाजताना लक्ष ठेव. दोन सेकंदांनी पाहाय, पाच मिनटांनी नको.”

सिग्नल पडला. नानांनी मोठ्यानं हाक मारली, “ग्रीन!” मी खिडकीतून परत म्हटलं, “ग्रीन!” डब्यातली माणसं बघायला लागली. गाडी हलली, इतकी हळू की हलली हे मला फलाटावरचा चहाचा स्टॉल मागं सरकला तेव्हा कळलं. नाना फलाटावर उभे होते. त्यांचा उजवा हात कमरेशी होता, हवेत काहीतरी पुढं ढकलत होता, थांबत होता, पुन्हा ढकलत होता. ओठ हलत होते. मी कान दिला.

“चार… पाच… सहा…”

त्यांच्या सातव्या नॉचला माझा डबा फलाट सोडून गेला.